बोटं मोडण्याची वेळ

दिवेलागण झाली की दिपमाला शिलाईचं मशीन थांबवायची, उंबऱ्यावर यायची, सासरच्या सावद्याच्या दिशेला तोंड करायची आणि दोन्ही हातांची बोटं कडाकड मोडायची. मग तोंडाचा पट्टा सुरू. "सुनंदी, तुनं वाटोळं व्हवो! तुना तोंडमा किडा पडोत! मनी पोर तोडी तू, मरताना तुले पाणी पाजाले कोनी ना ऱ्हावो!"

पाचोऱ्यातल्या त्या गल्लीला याची इतकी सवय झाली होती की समोरची बाई दिपमालाचा आवाज आला की कुकर चढवायची. दिपमालाची आई मंजुळाबाई आत देवापुढे दिवा लावता लावता पुटपुटायची, "बस कर व माय, देव ऐकी ऱ्हायना."

"ऐकू दे ना! त्यानाकरताच तं बोलस मी!"

आता कुणी म्हणेल, सासूशी कुणाचं पटतं? पण दिपमालाचं भांडण मिठामिरचीचं नव्हतं. शाळेत असल्यापासून तिला फेफरं यायचं. डॉक्टरांनी गोळी लावून दिली होती, रोज संध्याकाळी एक, आणि गोळी चालू असली की पोरगी धडधाकट. सावद्याच्या अभिमनचं स्थळ आलं तेव्हा मंजुळाबाईनं काही लपवलं नाही. पुरुषमंडळी बाहेर केळीच्या भावावर बोलत बसली होती, तेव्हा तिनं सुनंदाबाईला स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. सुनंदाबाई म्हणाली, "असू द्या वं बाई. दुखणं कोनाले नसते? फकस्त चारचौघात तोंड उघडू नका." मंजुळाबाईला वाटलं, किती मोठ्या मनाची विहीण मिळाली!

मोठं मन कसलं! लग्नानंतर गोळ्यांचं पाकीट सासूनं स्वतःच्या हातानं ज्वारीच्या कोठीमागं ठेवलं. गोळी घ्यायची तर दार लोटून घ्यायची. घरात पाव्हणे असले, नणंदा असल्या, शेतावरचे गडी पाणी प्यायला आले, की दार लोटता यायचं नाही आणि गोळी राहून जायची. लपवून घ्यायच्या औषधाचं असंच होतं. नवरा अभिमन स्वभावानं गरीब, म्हणजे आईपुढं त्याची वाचाच बसायची.

मग श्रावणात कानबाईचा सण आला. त्या घराचा दंडक असा की कानबाई बसेपर्यंत सुनेनं तोंडात काही घालायचं नाही. आदल्या संध्याकाळी घर पाव्हण्यांनी भरलेलं, त्यामुळं गोळी हुकलीच होती. सकाळी उठल्या उठल्या तरी घ्यावी असं दिपमालाच्या मनात आलं, पण गोळीनं उपास मोडतो, असं सासूनं ठासून सांगितलं आणि हिनंही ते खरं मानलं. दिवसभर रोटाच्या नैवेद्याची धावपळ, पुरणाचा घाट, अंगणात भाऊबंदांची गर्दी. ऐन आरतीला टाळ वाजायला लागले आणि दिपमाला देवीपुढंच धाडकन पडली.

शुद्ध आली तेव्हा नाकाशी कुणाची तरी चप्पल होती. दातांखाली जीभ सापडून तोंड रक्तानं भरलं होतं. आणि समोर सुनंदाबाई छाती बडवत होती, "आमाले फसवलं वं माय! रोगी पोरगी गळ्यात मारली! आमाले काय मालूम व्हतं?"

मालूम व्हतं! तिला एकटीलाच तर सगळं मालूम होतं! दिपमालाला ओरडून सांगायचं होतं, पण चावलेली जीभ सुजून टम्म झाली होती. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला आणि बायका आणखी दोन पावलं मागं सरकल्या. अभिमन जमिनीकडं बघत उभा होता. तीन वर्षांची रूपा आजीच्या कडेवर होती आणि आईकडं बघून भोकाड पसरत होती.

भाऊबंदांची बैठक बसली. सगळ्यांत वडील चुडामण आबा. दिपमालानं कागदावर लिहून दिलं की सासूला ठाऊक होतं, पण त्याला तिच्या आईशिवाय साक्षीदार नव्हता. सुनंदाबाईनं रूपाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, मले मालूम नव्हतं. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं! दिपमालाच्या मनात त्या क्षणी जे जळायला लागलं ते पुन्हा विझलं नाही. शेवटी आबांनी निवाडा केला. सध्या पोरगी बापाकडं राहील. आईनं वर्षभर झटका न येता राहून दाखवावं, मग पोरगी तिची. सुनंदाबाई हसली. "वर्ष? हिले?" एवढंच म्हणाली, पण ते हसू दिपमालाच्या काळजात रुतून बसलं.

पाचोऱ्याला आल्यावर तिनं मशीन घेतलं, साड्यांना फॉल-पिको करायला लागली आणि मनाशी गाठ बांधली. वर्ष काढायचं, सावद्याला जायचं, आबांच्या समोर त्या बाईच्या नाकावर टिच्चून पोर उचलायची. याच सूडावर ती जगत होती. आणि तरी हात कपाळाला लावावा अशी गोष्ट बघा, गोळी मात्र विसरायची!

सुरुवातीला नीट घेतली. काही महिने काही झालं नाही, तेव्हा वाटलं, आता कुठं येतंय फेफरं? बरी झाले मी. शिवाय गोळीनं सुस्ती यायची, मशीनवर डोळे मिटायचे. मग एक दिवस राहिली, मग चार दिवस. एकदा दुसऱ्या दुकानातून आणलेली गोळी पांढरीऐवजी पिवळी निघाली, तर ही भलतीच दिली म्हणून पाकीट तसंच फडताळात टाकून दिलं. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या साऱ्या माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत असताना, दिपमाला झोक्यावरून खाली आली ती हातपाय झाडतच.

बातमी सावद्याला कशी पोचली कोण जाणे. सुनंदाबाईनं म्हणे त्या दिवशी जिलबी मागवली. खरंखोटं देव जाणे, पण दिपमालानं ते ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं होतं.

स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर सदफचं मेडिकल. फार्मसी शिकून आलेली ही पोरगी वडिलांच्या दुकानात बसायला लागली तेव्हा लोक म्हणायचे, हिला काय कळतंय. आता तेच लोक तिच्यासमोर डॉक्टरांची चिठ्ठी धरून "बेटा, हे जेवणाआधी का नंतर?" विचारत उभे असतात. दिपमाला तिच्याच गल्लीतली, म्हणून सदफ तिच्यावर हक्कानं डाफरायची. कपाळावर झोक्याच्या फळीची खोक घेऊन दिपमाला आली, तेव्हा सदफनं गोळ्यांचं पाकीट काढलं, पण हातात दिलं नाही.

"ताई, मागचं पाकीट संपून किती दिवस झाले? मला सगळं दिसतं. आलीच नाहीस तू."

"बरं वाटत व्हतं."

"बरं वाटत होतं ते गोळीमुळं! गोळी थांबली, बरं वाटणं थांबलं. रोज ठरल्या वेळी पोटात गेली तरच ती झटका थोपवते. बंद करायची का चालू ठेवायची हे डॉक्टर सांगतील, तू नाही."

"इसरी जास मी, सदफ. काय करू? मोबाईलमा घंटी लावी. वाजस, मी बंद करस, परत कामले लागस."

तेवढ्यात बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. दिपमालानं पिशवी काउंटरवर ठेवली, गर्रकन वळली, सावद्याकडं तोंड केलं आणि भर दुकानात बोटं मोडायला लागली. "सुनंदी, तुनं वाटोळं व्हवो..." खोकल्याचं औषध घ्यायला आलेला एक म्हातारा घाबरून दोन पायऱ्या खाली उतरला. सदफ मात्र हनुवटीवर हात टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"झालं?"

"झालं."

"हे रोज करतेस?"

"रोज."

"याच वेळेला?"

"दिवे लागनात की."

"ताप आला तर? पाव्हणे आले तर? लग्नाला गेलीस तर?"

"मांडवना मांगे जाईसन करस. मरी गयी तरी इसरसू नही!"

सदफ हसायलाच लागली. हसता हसता तिनं ते पाकीट दिपमालाच्या हातात कोंबलं. "मग झालं की गं बाई! शिव्या विसरत नाहीस, गोळी विसरतेस. गोळी शिव्यांच्या दावणीला बांध. आधी गोळी, मग बोटं. गोळी घेतल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. बिनगोळीची शिवी सासूला लागत नाही असं समज."

"टिंगल करस मनी?"

"टिंगल नाही. तुझ्या सासूला काय हवंय? तू गोळी विसरावीस, पडावीस. तू विसरलीस की ती जिंकली. प्रत्येक गोळी म्हणजे तिच्या मुस्काटात एक, एवढं ध्यानात ठेव."

हे मात्र दिपमालाला पटलं. गोळी तब्येतीसाठी म्हटली की तिला कंटाळा यायचा. गोळी सूडासाठी म्हटल्यावर अंगात वारं शिरलं. गोळ्यांची डबी मशीनच्या खणातून निघून उंबऱ्याशेजारच्या कोनाड्यात आली, शेजारी पाण्याचा तांब्या. दिवे लागले की गोळी, घोटभर पाणी, आणि मग कडाकड बोटं. गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, हल्ली दिपमालाच्या शिव्यांना जोर चढलाय.

सदफनंही पाठ सोडली नाही. पाकीट संपत आलं की आधीच मोबाईलवर निरोप, ताई, येऊन जा. कंपनी तीच, रंग तोच, आणि कधी माल आला नाही तर परस्पर बदलून द्यायची नाही, डॉक्टरांना फोन करून विचारायची. सुस्तीचंही तिनंच डॉक्टरांना सांगायला लावलं, त्यांनी मात्रा जरा बदलली आणि मशीनवरची पेंग गेली. एकदा गोळी हुकली म्हणून दिपमाला दोन एकदम गिळायला निघाली होती, तर सदफनं फोनवरच झापलं, "असलं काही करायचं नाही! हुकली तर आधी मला विचार." कानबाईच्या उपासाला तर सदफ उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. "आमच्यात रोज्याला हाच घोटाळा होतो. म्हणून रमजानच्या आधीच लोकांना डॉक्टरांकडं पाठवते, वेळ बांधून आणा म्हणून. तू घे गोळी. देवी काय सासू आहे का तुझी?" मंजुळाबाईनं कानाला हात लावले, पण तांब्या तिनंच पुढं केला.

वर्ष सरत आलं. झटक्याचं नाव नाही. दिपमालानं सावद्याला घालायला साडी काढून ठेवली, तिला स्वतःच्या हातानं फॉल लावला. बैठकीत काय बोलायचं ते पाठ केलं. अगदी पहिलं वाक्य ठरलं होतं, "आबा, ह्या बाईनं माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली." रोज मशीन चालवताना ती हे वाक्य घोटायची आणि सुनंदाबाईचा पडलेला चेहरा डोळ्यांपुढं आणून खूश व्हायची.

आणि एके दुपारी सुनंदाबाईच दारात उभी राहिली. मागं अभिमन, हातात कपड्यांची पिशवी. मध्ये रूपा.

बैठक नाही, आबा नाहीत, कुणी नाही. सुनंदाबाईनं पोरीला पुढं केलं. "घे तुही लेक. वर्षाची वाट कायले पाह्यची?"

दिपमाला बघतच राहिली. पाच वर्षांची पोर आईला ओळखत नव्हती, आजीचा पदर सोडत नव्हती. दंडाला काळे दोरे, गळ्यात ताईत, हनुवटीवर नुकती भरलेली जखम. जखम बघितली आणि दिपमालाला सगळं कळलं. कपाळावर तशीच एक तिला स्वतःला होती.

"कव्हापासून?" तिनं विचारलं.

अभिमन जमिनीकडं बघत म्हणाला, "पावसाळ्यापासून." आणि मग पहिल्यांदाच आईच्या देखत पुढं बोलला, "आई म्हणाली, कुणाला सांगू नको. भगताकडं नेलं."

दिपमालाचा हात उठलाच होता. मंजुळाबाईनं धरला म्हणून, नाहीतर म्हातारीची धडगत नव्हती. पावसाळ्यापासून आजवर लेकराला औषध नाही! दार लोटून, दोरे बांधून, चप्पल हुंगवून! आणि आता घरात हे असलं नको म्हणून नासकी केळी परत करावीत तशी पोर आणून टाकली! जे जिंकून आणायचं होतं ते हिनं तिच्या पायाशी फेकलं होतं. सूडसुद्धा घेऊ दिला नाही मेलीनं.

जळगावच्या डॉक्टरांनी रूपाला तपासलं. आईला असलं की लेकराला होतंच असं नाही, पण कधी कधी होतं, म्हणाले. छोटी गोळी दिली, रोज संध्याकाळी, एकही चुकवायची नाही. पण रूपा गोळी घेईल तर शपथ! दात घट्ट आवळायची, थुंकायची, "आजीकडे जायचंय" म्हणून जमिनीवर लोळायची. साखरेत घातली, केळ्यात लपवली, तिनं केळं चघळून गोळी तेवढी बाहेर काढली. दिपमाला रडली, ओरडली, एकदा थोबाडीत मारली आणि नंतर स्वतःलाच मारून घेतलं. चौथ्या दिवशी पोरीला परत झटका आला.

पोर शांत झोपल्यावर दिपमाला धावत सदफकडं गेली. सदफनं आधी डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांचं बोलणं करून दिलं. मग काउंटरच्या बाहेर येऊन दिपमालाच्या शेजारी बाकावर बसली.

"पोर दिवसभरात न चुकता काय करते?"

 उत्तर दिपमालाला ठाऊक होतं आणि ते तोंडातून काढायचं नव्हतं. "दिवे लागनात की त्या रांडले फोन करस," ती शेवटी म्हणाली. "माय मना मोबाईल लपाडीसन तिले देस."

"मग त्याच फोनवर गोळी."

"त्या तोंडतून? ज्या तोंडनी माले रोगी म्हने?"

"त्याच तोंडातून," सदफ म्हणाली. "पोर तिचंच ऐकते तर तिलाच राबव की. फुकटची नोकरी लाव तिला."

दिपमाला घरी आली ती दातओठ खातच. पण वाटेत ती नोकरी तिच्या डोक्यात भिनत गेली. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं सावद्याचा नंबर लावला.

"माझ्याशी बोलायचं नाही," ती म्हणाली. तोंडातून मुद्दाम शुद्ध मराठी काढली, कारण सावद्याला असताना ही बाई तिच्या अहिराणीतल्या 'शे'ला हसायची. "रोज दिवेलागणीला रूपाशी बोलायचं. पहिलं वाक्य, गोळी घे. ती घेईपर्यंत दुसरं काही नाही. आणि घरात दार लोटून नाही बोलायचं. ओट्यावर बसायचं. भाऊबंदांच्या बायका शेंगा फोडत बसलेल्या असतात ना, त्यांच्यात. मोठ्यानं. फेफऱ्याची गोळी घे, असं म्हणायचं. एक दिवस चुकलं तर पोरीचा आवाज परत ऐकायला मिळणार नाही."

 पलीकडून म्हातारी पडेल आवाजात म्हणाली, "लोकं काय म्हनतीन वं?"

"मले जे म्हनले व्हते, तेच म्हनतीन," दिपमाला सासूच्याच बोलीत म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी तिला दोन घास जास्त गेले.

आणि म्हातारी बसली ओट्यावर! फोनचा आवाज मोठा केलेला, मागून बायकांची कुजबुज, कुणीतरी विचारतंय, "कसाची गोळी वं सुनंदा?" आणि सुनंदाबाईचा कापरा आवाज, "फेफऱ्याची. आमच्या रूपीले हाये." दिपमाला उंबऱ्यावर उभी राहून एकेक शब्द चाटूनपुसून ऐकत होती. रूपानं मुकाट्यानं तोंड उघडलं, गोळी घेतली, पाणी प्यायली. रोज तसंच. बिनबोभाट.

फक्त एक घोटाळा झाला. दिवेलागणीला पोर आजीशी लाडात बोलत असताना उंबऱ्यावर उभं राहून त्याच आजीला शिव्या कशा घालणार? एक दिवस दिपमालानं बोटं मोडली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि बोटं राहिली तशी तिची स्वतःची गोळीही राहिली. तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी रूपानं गोळी घेतली, आजीला शाळेतलं काहीबाही सांगितलं आणि खेळायला पळाली. फोन चालूच राहिला. दिपमाला बंद करायला वाकली, तर आतून आवाज आला.

"दिपमाला."

तिचं बोट फोन बंद करायला पुढं झालं.

"रूपीनं घेतली. तुही घेतली का?"

दिपमालाचा हात तसाच राहिला. घेतली नव्हती. कालही नाही, परवाही नाही.  तिनं गल्लीत खेळणाऱ्या रूपाकडं बघितलं. मीच पडले असते तर पोरीला गोळी कुणी दिली असती?

"इचारते मी," ओट्यावरून परत आवाज आला, मागची कुजबुज एकदम थांबलेली. "मले पहिल्यापासून मालूम हाये तुले लागते ते. घेतली का?"

पहिल्यापासून मालूम हाये. भर ओट्यावर, सगळ्या बायकांसमोर म्हणाली. दिपमालाचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. आणखी एकदा विचारू दे मेलीला, असं मनात म्हणत तिनं फोन तसाच चालू ठेवला आणि गोळी घ्यायला उठली.